वसंतराव नाईक : हाताला काम मिळाले, जमिनीचे काय?

१ जुलैला राज्यात कृषी दिन साजरा होतो. तो वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. चांदूर रेल्वे तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमधली अनेक घरे आजही दुसऱ्याच्या शेतात राबतात. म्हणून आम्ही हे आयुष्य भूमिहीनांच्या बाजूने पाहतो.

वसंतराव १९१३ साली पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात जन्मले. नागपुरात वकिलीचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांसोबत वकिली केली. १९४१ मध्ये ब्राह्मण घरातील वत्सलाताई घाटे यांच्याशी लग्न करून त्यांनी समाजाचा रोष पत्करला. पुढे पुसदचे नगराध्यक्ष, आमदार, कृषी आणि महसूल मंत्री झाले. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ असे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री होते.

संकरित ज्वारी, विहिरी, अकोल्याचे कृषी विद्यापीठ, कापूस एकाधिकार खरेदी ही त्यांच्या काळातील कामे. पण त्यांचा थेट लाभ सातबारा असणाऱ्यालाच झाला. १९६४ च्या अखेरीस कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी देशव्यापी सत्याग्रह केला, लाखो माणसे तुरुंगात गेली, तेव्हा इथे सरकार नाईकांचेच होते. कमाल जमीन धारणेचा १९६१ चा कायदा असूनही आपल्या वाट्याला जमीन फारशी आली नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल पेटली आणि पँथरचे भागवत जाधव मारले गेले, तेही याच राजवटीत.

याच काळात १९७२ चा दुष्काळ पडला. ऐन भरात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर पसरली. बाई आणि पुरुष यांना कामाचा दर एकच होता. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २००५ मध्ये देशाने तोच मार्ग धरला. वसंतराव मात्र १९७९ मध्येच गेले.

मित्रांनो, कामाचा हक्क कायद्यात आला, जमिनीचा हक्क योजनेवरच थांबला. दादासाहेबांच्या नावाच्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन बौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात ती किती घरांना मिळाली, हे लेखी विचारा. अर्ज द्या, तारखेची पोच घ्या. कृषी दिनाला हा प्रश्न विचारणे, हीच आमच्या लेखी खरी आठवण.

जय भीम!