स्वामी कुवलयानंद : व्यायामशास्त्राचे एक साधक

पांझरा नदी आमच्या पिंपळनेरावरून पूर्वेकडे वाहत धुळ्यास जाते आणि पुढे तापीस मिळते. त्याच तापीच्या खोऱ्यात, बोरी नदीच्या काठी, अमळनेर हे गाव वसलेले आहे. अमळनेर म्हटले की सानेगुरुजींचे नाव प्रत्येकाच्या ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु सानेगुरुजी १९२४ साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले, त्यापूर्वी काही वर्षे त्याच गावी आणखी एक तेजस्वी शिक्षक विद्यादानाचे कार्य करीत होते. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. हेच गुणे मास्तर पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झाले. व्यायाम आणि योग यांचा विचार प्रयोगशाळेत नेणाऱ्या अगदी पहिल्या पुरुषांत त्यांची गणना होते. आमच्या खानदेशच्या भूमीशी ज्यांचा असा ऋणानुबंध जडला, त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ठाऊक असावे, म्हणून ते येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

जगन्नाथाचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई या गावी झाला. वडील गणेशपंत शिक्षक होते आणि आई सरस्वतीबाई घर सांभाळीत. घरची स्थिती बेताची, किंबहुना ओढगस्तीची होती. प्रसंगी दुसऱ्यांच्या साहाय्यावर या कुटुंबास दिवस काढावे लागत. अशा घरातील मुलाने लवकर कोठेतरी चाकरी धरावी, ही त्या काळची सर्वसाधारण रीत होती. परंतु या मुलाने विद्येची कास सोडली नाही. १९०३ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि संस्कृत विषयात जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा मानकरी ठरला. ही शिष्यवृत्ती संपादन करणे हा त्या वेळी मोठाच बहुमान समजला जाई. पुढे बडोदे कॉलेजात राहून त्याने १९१० साली पदवी मिळविली.

त्या काळी बडोदे कॉलेजात श्रीअरविंद घोष हे अध्यापक होते, आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांनी सारा महाराष्ट्र भारून गेला होता. या दोघांच्या प्रभावाने तरुण गुणे यांचे अंतःकरण पेटून उठले. आपले आयुष्य देशसेवेस वाहावे आणि त्यासाठी आजन्म अविवाहित राहावे, असा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला. निश्चय करणारे तरुण पुष्कळ असतात; तो शेवटपर्यंत पाळणारे थोडे. गुणे हे त्या थोड्यांपैकी एक होते.

देशसेवा करावयाची तर शरीर बळकट हवे, हे त्यांनी ओळखले होते. बडोद्यास जुम्मादादांची सुप्रसिद्ध व्यायामशाळा होती आणि राजरत्न माणिकराव हे तेथील आचार्य होते. लाठी, लेझीम, मल्लविद्या इत्यादी देशी व्यायामप्रकारांत त्यांचा हातखंडा असून मोडलेली हाडे सांधण्याच्या कलेतही ते निष्णात होते. पुष्कळ मुलांना एका ओळीत उभे करून देशी भाषेतील आज्ञांवर एकदम व्यायाम करविण्याची पद्धती रूढ करण्यात माणिकरावांचा मोठा वाटा आहे. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुणे यांनी या गुरूंच्या हाताखाली घाम गाळला. सकाळी आखाडा, दिवसा संस्कृत ग्रंथ व कॉलेज, असा त्यांचा क्रम होता. बुद्धी आणि बाहू या दोहोंची सांगड त्यांच्या ठायी अशी तरुणपणीच बसली.

शिक्षण संपल्यावर ते आमच्या खानदेशात आले. अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी अध्यापन स्वीकारले. १९१६ साली तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीचा पुरस्कार करणारी ही संस्था परकीय सरकारच्या डोळ्यांत सलू लागली आणि १९२० साली ती बंद पडली. तरीही १९२३ पर्यंत त्यांनी विद्यार्थ्यांस भारतीय संस्कृतीचे पाठ देण्याचे कार्य चालूच ठेवले. हातातील संस्था बंद पडणे, हा शिक्षकाच्या आयुष्यातील केवढा आघात असतो, हे जाणत्यांस सांगावयास नको. पण याच सुमारास त्यांच्या जीवनाला एक नवे वळण लागत होते.

नर्मदेच्या तीरी मालसर नावाच्या स्थानी परमहंस माधवदासजी नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी राहत असत. १९१९ साली गुणे यांची व त्यांची गाठ पडली. आखाड्यात तयार झालेल्या या तरुणाने माधवदासजींपाशी योगाचा अभ्यास आरंभिला, आणि त्याचा आपल्या शरीरावर व मनावर होणारा परिणाम पाहून तो विस्मित झाला. येथपर्यंतची कथा पुष्कळ साधकांच्या बाबतीत सांगता येईल. गुणे यांचे वेगळेपण यापुढे आहे. अनुभव आला म्हणून ते थांबले नाहीत. या अनुभवाचे कारण काय, तो सर्वांस सारखाच येतो काय, आणि तो मोजता येईल काय, असे प्रश्न त्यांना पडू लागले.

या प्रश्नांत धोका होता, हे विसरता कामा नये. गुरूवर व ग्रंथांवर त्यांची नितांत श्रद्धा होती. यंत्राने एखादी गोष्ट खोटी ठरविली तर त्या श्रद्धेचे काय होणार? दुसऱ्या बाजूस, इंग्रजी शिकलेले पुष्कळ लोक योगास भोंदूपणा समजत, आणि काही बैरागी त्याच योगाच्या नावावर चमत्कार दाखवून पोट भरीत. दोहोंकडून टीका होण्याचा संभव असताही हा मनुष्य परीक्षेस उभा राहिला. सत्य तपासल्याने मलिन होत नाही, अशी त्यांची धारणा होती.

१९२० व १९२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या विद्यार्थ्यांच्या साह्याने पहिले प्रयोग केले. उड्डियान आणि नौली या दोन क्रिया त्यांनी त्यासाठी निवडल्या. सर्व श्वास बाहेर टाकून, नवा श्वास न घेता छातीचा पिंजरा फुगविला म्हणजे छाती व पोट यांमधील पडदा वर उचलला जातो आणि पोट आत खोल ओढले जाते, हे उड्डियान. त्याच स्थितीत पोटाचे मधले दोन उभे स्नायू पुढे काढणे, ही नौली. या क्रियेच्या बळावर योगी गुदमार्गाने पाणी आत ओढून मोठे आतडे धुतात, हे पूर्वापार माहीत होते; परंतु पाणी वर चढते कसे, याचा उलगडा झालेला नव्हता. आतड्याची गती उलटी होत असावी, अशी कित्येकांची समजूत होती. क्ष-किरणांच्या साह्याने व पाऱ्याच्या दाबमापकाने परीक्षा केल्यावर असे आढळले की, नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि म्हणून पाणी आपोआप आत जाते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला असता पाणी आत शिरते, तसाच हा प्रकार. या अंशतः निर्वात अवस्थेस त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. येथे चमत्कार उरला नाही, पण ज्ञान हाती आले. आणि गुरूंचा मान तिळमात्र कमी झाला नाही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी मुंबई व पुणे यांच्या मध्यावरील लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि त्याच वेळी योगमीमांसा नावाचे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. या त्रैमासिकात शास्त्रज्ञांसाठी प्रयोगांची निवेदने आणि सामान्य वाचकांसाठी सोपे लेख, असे वेगवेगळे विभाग असत. रक्तदाब, श्वासवायूचे पृथक्करण, क्ष-किरणांची छायाचित्रे, अशा साधनांनी आसने व प्राणायाम यांची छाननी तेथे होऊ लागली.

त्यांच्या वृत्तीचे एक उदाहरण आम्हांस विशेष मननीय वाटते. प्राणायामाने शरीरास भरपूर प्राणवायू मिळतो आणि हाच त्याचा मुख्य लाभ होय, असे तेव्हा सर्वत्र सांगितले जाई व आजही सांगितले जाते. हे विधान योगाच्या कैवाऱ्यास सोयीचे होते. परंतु प्रयोगांती कुवलयानंदांनी प्राणवायूच्या लाभास दुय्यम स्थान दिले आणि प्राणायामाचे खरे महत्त्व मज्जासंस्थेस लागणाऱ्या वळणात आहे, असे प्रतिपादन केले. आजचे शरीरशास्त्रही सांगते की, निरोगी माणूस स्वस्थ बसला असताना त्याच्या शुद्ध रक्तातील तांबडा द्रव्यांश प्राणवायूने जवळजवळ पूर्ण, म्हणजे शेकडा ९५ हून अधिक, भरलेलाच असतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय उपयोग? आपल्या पक्षास अनुकूल असलेले विधानही पुराव्यावाचून न स्वीकारणे, ही खऱ्या शास्त्रज्ञाची खूण आहे.

त्यांची कीर्ती हळूहळू दूरवर पसरली. १९२७ साली महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीसंबंधी त्यांचा सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करणारे, केरळात जन्मलेले डॉ. बेहनन हे लोणावळ्यास येऊन त्यांच्यापाशी शिकले आणि १९३७ साली त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईतही कैवल्यधामाची शाखा निघाली व पुढे ती मरीन ड्राइव्हवर स्थिरावली. लोणावळ्यास कालांतराने योगाचे महाविद्यालय आणि रुग्णालय ही उभी राहिली.

परंतु प्रयोगशाळेतील या संशोधकाच्या अंगातला अमळनेरचा शिक्षक कधीच मावळला नव्हता. व्यायाम हा मूठभर पहिलवानांचा मक्ता नसून शाळेतील प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे, हे त्यांचे आवडते तत्त्व होते. १९३६ साली त्यांचे यौगिक संघ व्यायाम हे पुस्तक निघाले. माणिकरावांच्या आखाड्यातील आज्ञापद्धती आणि मालसरच्या आश्रमातील आसने यांचा त्यात मेळ घातलेला असून एकाच वेळी वर्गातील सर्व मुलांस व्यायाम कसा द्यावा, याचे मार्गदर्शन आहे. मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. शाळेच्या वेळापत्रकात आज जो शारीरिक शिक्षणाचा तास दिसतो, त्याच्या मागे अशा अनेकांचे श्रम आहेत. तो तास गणिताच्या उजळणीसाठी खर्ची घालताना आम्ही शिक्षकांनी याची आठवण ठेवणे बरे.

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, स्वामी कुवलयानंद कालवश झाले. त्यांनी लावलेले रोप आज वृक्ष झाले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली ठराव करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला, आणि २०१५ पासून तो जगभर पाळला जातो. मात्र वर्षातून एक दिवस अंगाखाली चटई घालणे म्हणजे व्यायाम नव्हे, हे या चरित्रावरून कोणाच्याही ध्यानी येईल.

आता आमच्या पालकबंधुभगिनींस दोन शब्द. आमच्या गावाकडील मुले शेतात राबतात, डोक्यावरून पाणी आणतात, कोसभर चालून शाळेत येतात. मग त्यांस निराळा व्यायाम कशाला, अशी शंका पुष्कळ जण काढतात. ही शंका अगदीच निराधार नाही. श्रमाने अंग कसदार होते, यात संशय नाही. परंतु निंदणी-कापणीच्या कामात तासन्‌तास कंबर एकाच बाजूस वाकलेली राहते, ओझ्याखाली मान दबते. काही स्नायू थकून जातात, तर काहींस कामच पडत नाही. वाकलेल्या पाठीस मागे ताणणारे भुजंगासन, किंवा थकल्या देहास विसावा देणारे शवासन, ही या उणिवेची भरपाई आहे. उलटपक्षी, ज्या मुलांच्या हातात आता दिवसभर मोबाईल असतो, त्यांस श्रम आणि व्यायाम या दोहोंचीही वाण पडू लागली आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंग हलविणारा, श्वास वाढविणारा खेळ वा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केवळ आसनांनी ही गरज पूर्ण होत नाही. धावणे, खेळणे, पोहणे, दंड-बैठका यांचीही जोड हवी. आसने आणि आखाडा यांत भांडण नाही, हे स्वामीजींनी स्वतःच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे. यास पैसा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. रिकाम्या पोटी, स्वच्छ हवेत, झटका न देता, वेदना होईल इतके न ताणता नियमाने व्यायाम करावा. ज्यास काही आजार असेल त्याने वैद्यास विचारावे. मुलगा असो वा मुलगी, नियम एकच.

विद्यार्थिमित्रहो, शरीर ही देवाने आपल्या हाती सोपविलेली ठेव आहे आणि ती सांभाळणे हाही भक्तीचाच एक भाग आहे, ही शिकवण आपल्या शाळेत तुम्ही ऐकत आला आहात. डभोईच्या गरीब घरातील एका मुलाने ती ठेव सांभाळली, वाढविली, आणि तिचे मर्म शोधून जगास वाटले. त्याच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य एके काळी आमच्या खानदेशच्या मुलांस लाभले होते. तुमच्यापैकी कोणी उद्या उत्तम धावपटू होईल, कोणी वैद्य, कोणी शिक्षक. कोणीही व्हा, परंतु अंग झिजविण्यास कचरू नका, आणि ऐकलेली गोष्ट पडताळून पाहण्यास भिऊ नका. या दोन गुणांच्या बळावर अमळनेरचा एक शाळामास्तर जगाचा गुरू झाला, हे तुम्ही विसरणार नाही, अशी आम्हांस आशा आहे.