पोम्बालचा मार्क्विस : एका परराष्ट्रमंत्र्याचा उदय आणि अस्त

‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या येशूसंघाला गोव्यातून हद्दपार करणारा मंत्री म्हणून पोम्बाल हे नाव आपल्याकडे परिचित आहे. एतद्देशीय ख्रिस्ती माणसाला पोर्तुगीजांच्या बरोबरीचा दर्जा देणारा कायदाही त्याच्याच कारकिर्दीत झाला, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते.

सेबास्तियाँव जोझे द कार्व्हाल्यु इ मेलु हे त्याचे मूळ नाव. त्याचा जन्म १३ मे १६९९ रोजी लिस्बन येथे झाला. १७३८ साली पोर्तुगालचा वकील म्हणून लंडनच्या दरबारी त्याची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला. हिंदुस्थानातील उरलेला मुलूख राखण्यासाठी इंग्रजांचे साहाय्य मिळवण्याचा त्याने प्रयत्न केला. परंतु तो फळास आला नाही. त्यानंतर काही वर्षे त्याने व्हिएन्ना येथे राजदूत म्हणून काम पाहिले.

१७५० साली जोझे पहिला हा राजा गादीवर आला आणि त्याने कार्व्हाल्युला परराष्ट्र व युद्ध खात्याचा मंत्री नेमले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणाच्या सकाळी, भाविक मिस्सेसाठी देवळांत जमले असताना लिस्बनला भीषण भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या व आग लागली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या प्रसंगी कार्व्हाल्युने धैर्य दाखवले. मृतांची व्यवस्था लावली, लुटालूट थांबवली आणि नव्या लिस्बनची आखणी केली. राजाचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला आणि राज्याची सारी सूत्रे त्याच्या हाती गेली.

सत्तेला विरोध सहन होईना. सप्टेंबर १७५८ मध्ये राजावर गोळीबार झाला. त्या कटात येशूसंघीयांचा हात असल्याचा ठपका ठेवून ३ सप्टेंबर १७५९ च्या कायद्याने संपूर्ण संघाला पोर्तुगीज राज्यातून हद्दपार करण्यात आले. गोव्यातील धर्मगुरूंनाही पकडून जहाजाने लिस्बनला नेण्यात आले. कित्येकांना वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडावे लागले. सत्तरी ओलांडलेले फादर गाब्रिएल मालाग्रिदा ह्यांना १७६१ साली देहदंड झाला. तो ठोठावणाऱ्या इन्क्विझिशनचा प्रमुख कार्व्हाल्युचा सख्खा भाऊ होता. १७६० साली पोप महोदयांच्या राजदूताला लिस्बनमधून बाहेर काढण्यात आले आणि सुमारे दहा वर्षे रोमशी संबंध तुटले. १७७३ साली पोप क्लेमेंट चौदावे ह्यांनी येशूसंघ विसर्जित केला. त्यासाठी त्यांच्यावर दबाव आणणाऱ्या राजदरबारांत लिस्बनचा दरबार अग्रेसर होता.

तथापि, ह्याच मंत्र्याच्या काळात, २ एप्रिल १७६१ च्या आज्ञेने, पोर्तुगीज आशियातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांइतकेच हक्क व मान देण्यात आले. १७७३ साली ‘जुने’ व ‘नवे’ ख्रिस्ती हा भेद कायद्याने मिटवला गेला. १७७४ साली गोव्याचे इन्क्विझिशन बंद झाले. त्याच्या पतनानंतर ते पुन्हा सुरू झाले व १८१२ साली कायमचे संपले. इतिहासाने त्याच्या पदरी हे श्रेयही घातले पाहिजे.

फेब्रुवारी १७७७ मध्ये राजा वारला. राणी मारिया पहिली हिने त्याला पदावरून दूर केले व तुरुंगांतील राजबंद्यांना मुक्त केले. पुढे चौकशीत तो दोषी ठरला. परंतु वृद्धापकाळामुळे त्याला शिक्षा झाली नाही. दरबारापासून दूर, पोम्बाल गावी, ८ मे १७८२ रोजी त्याचा मृत्यू झाला.

१८१४ साली पोप पायस सातवे ह्यांनी येशूसंघाची पुनःस्थापना केली. पुढे पोर्तुगालला परतलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी पोम्बाल गावी त्याच्या शवपेटीजवळ त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा अर्पण केली, असे संघाचे इतिहासकार सांगतात. ज्याने संघाला देशोधडीला लावले, त्याच्यासाठी संघानेच प्रार्थना केली. वैऱ्यांवर प्रीती करा, ही प्रभूची आज्ञा वेदीवरून सांगणे सोपे असते. त्या धर्मगुरूंनी ती वेदीवर पाळून दाखवली. जुन्या अन्यायांची उजळणी करताना आपणही त्या मिस्सेचे स्मरण ठेवावे.