खालच्या विभागातला विक्रमवीर

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात मी राखीव खेळाडू आहे. गेल्या हंगामात एकदाही मैदानात उतरलो नाही. बाहेर बसून इतरांचे बूट आणि घड्याळे सांभाळली. खेळायला मिळेना, म्हणून खेळाविषयी वाचू लागलो. त्या वाचनात आर्थर राउली भेटला.

इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये सर्वांत जास्त गोल कोणाचे, असे विचारले तर भलेभले अडखळतात. ते राउलीचे आहेत. ६१९ सामन्यांत ४३४ गोल! हा विक्रम आजही अबाधित आहे. तरीही त्याचे नाव फारसे कोणाच्या ओठांवर नाही, कारण त्यातले बहुतेक गोल त्याने पहिल्या विभागाच्या खाली खेळताना केले.

राउलीचा जन्म १९२६ साली वुल्व्हरहॅम्प्टनला झाला. थोरला भाऊ जॅक मँचेस्टर युनायटेडचा नामांकित खेळाडू होता. महायुद्धाच्या काळात, पंधराव्या वर्षीच, आर्थरही त्याच्याबरोबर एका सामन्यात खेळला. पण पुढे वाट सरळ नव्हती. वेस्ट ब्रॉमविच आल्बियनकडून २४ सामन्यांत त्याला अवघे ४ गोल करता आले आणि १९४८ मध्ये त्या संघाने त्याला सोडून दिले. फुलहॅमला जाताच त्याला सूर सापडला. त्याच हंगामात फुलहॅमने दुसरा विभाग जिंकला.

१९५० मध्ये तो लेस्टर सिटीत आला आणि तेथे आठ वर्षे रमला. अंगाने आडदांड, चालीने फारसा चपळ नाही, पण डाव्या पायात तोफेचे बळ! त्याला ‘गनर’, म्हणजे तोपची, हे टोपणनाव पडले ते उगीच नव्हे. १९५६-५७ च्या हंगामात त्याने लीगमध्ये ४४ गोल केले आणि लेस्टरने दुसरा विभाग जिंकला. जॅकला इंग्लंडकडून सहा सामने मिळाले. आर्थर मात्र ‘ब’ संघापर्यंतच पोहोचला. मुख्य संघाचे दार त्याच्यासाठी कधीच उघडले नाही.

१९५८ साली, बत्तिसाव्या वर्षी, तो श्रूसबरी टाउन या लहानशा संघात खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दुहेरी नात्याने गेला. हा संघ तेव्हा नव्याने सुरू झालेल्या चौथ्या विभागात होता. मैदान सेव्हर्न नदीच्या काठी. चेंडू नदीत पडला की टोपलीसारख्या गोल होडीतून तो काढून आणावा लागे! थकलेल्या खेळाडूने दिवस ढकलावेत अशीच ती जागा. पण राउलीने पहिल्याच हंगामात ३८ गोल करून संघाला तिसऱ्या विभागात नेले. १९६१ मध्ये त्याने डिक्सी डीनचा ३७९ गोलांचा विक्रम मागे टाकला. श्रूसबरीसाठी त्याने एकूण १५२ गोल केले आणि १९६५ मध्ये बूट उतरवले. २००२ साली तो वारला.

इंग्लंडचा सदरा मिळाला नाही म्हणून राउलीचे मोठेपण उणे ठरते का? मला तसे वाटत नाही. संघ कोणता, विभाग कोणता, हे बहुधा दुसरेच ठरवतात. समोर आलेला चेंडू जाळ्यात धाडणे एवढेच त्याच्या हाती होते आणि ते त्याने वीस वर्षे केले.

यंदा पुन्हा संघनिवड आहे. नाव लागेल न लागेल, सरावाला मात्र मी रोज जातो.