खंडणी पचली, खोटी नोट नडली

अमेरिकेतील सिसिलियन गुन्हेगारीच्या आरंभकाळात इग्नाझिओ लुपो या नावाची जी दहशत होती, तिचा उगम वाणसामानाच्या दुकानात होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. १८७७ मध्ये पालेर्मो येथे जन्मलेला हा व्यापारी एका प्रतिस्पर्ध्याचा खून करून १८९८ मध्ये पळाला आणि न्यूयॉर्कला पोहोचला. तेथील इटालियन वस्तीत त्याने घाऊक किराण्याची मोठी पेढी थाटली. टोळीनायक जुझेप्पे मोरेल्लो याच्या सावत्र बहिणीशी १९०३ मध्ये विवाह झाल्यावर व्यापार आणि दहशत एकाच घरात नांदू लागली.

त्याने लुबाडले ते आपल्याच देशबांधवांना. परक्या भाषेला बिचकणारा आणि पोलिसांवर विश्वास नसलेला स्थलांतरित दुकानदार खंडणी मुकाट्याने भरी. तक्रार करणार कोणाकडे? १९०८ मध्ये लुपोची पेढी बुडाली. धनकोंना वाऱ्यावर सोडून तो परागंदा झाला.

अमेरिकेत खुनाचा एकही आरोप त्याच्यावर शाबीत झाला नाही. हायलंड गावी छापलेल्या दोन डॉलरच्या खोट्या नोटांनी मात्र घात केला. राज्यसंस्थेच्या चलनाला हात लागताच सरकारी यंत्रणा खडबडून जागी झाली. गरीब वाण्याच्या गल्ल्यासाठी ती तशी कधी जागी झाली नव्हती! १९१० मध्ये त्याला तीस वर्षांची सजा झाली. १९२० मध्ये तो सशर्त सुटला, तो पुढे ब्रुकलिनच्या पाववाल्यांच्या मानगुटीवर बसण्यासाठीच. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सवलत रद्द करून त्याची पुन्हा अटलांटाच्या तुरुंगात रवानगी केली. १९४६ च्या अखेरीस तो सुटला आणि काही आठवड्यांतच, जानेवारी १९४७ मध्ये, मरण पावला.