कमला सोहोनी

कमला सोहोनी (१८ जून १९११ – २८ जून १९९८), पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. वनस्पतींच्या श्वसनात भाग घेणारी विकरे, कडधान्यांतील प्रथिने आणि नीरेचे पोषणमूल्य हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होते. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

बंगळूर येथे त्यांना नाकारलेल्या प्रवेशाची हकिकत सर्वत्र सांगितली जाते. त्यांनी संशोधन कशावर केले, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. प्रस्तुत लेखात त्या संशोधनाला अधिक जागा दिली आहे.

बालपण व शिक्षण

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव भागवत आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेल्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी होते. घरातील हीच परंपरा आपण पुढे चालवावी, असे कमलाबाईंना वाटणे स्वाभाविक होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा त्या रसायनशास्त्र हा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या.

बंगळूर

त्याच वर्षी त्यांनी वडिलांच्या संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. नोबेल पारितोषिकविजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन हे त्या वेळी संस्थेचे संचालक होते. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांनी हा अर्ज फेटाळला. वडील व चुलते यांनी रदबदली केली, पण उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः रामन यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय परत जाण्यास त्यांनी नकार दिला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षाधीन राहील, कामाबाबत संचालकांचे समाधान झाल्याखेरीज ते अधिकृत मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, असे त्यांचे स्वरूप होते. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. परंतु तो अपमान त्या विसरल्या नाहीत आणि उतारवयातही त्याविषयी स्पष्टपणे बोलत राहिल्या. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या हे शिस्तीला कठोर, पण शिकविण्यात उदार होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. अन्नातील नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचे प्रमाण काढण्याची पद्धत रूढ होती; परंतु कडधान्यातील सर्वच नायट्रोजन प्रथिनांत नसतो. प्रथिनेतर नायट्रोजन वेगळा मोजला नाही, तर डाळीचे पोषणमूल्य आहे त्याहून अधिक दिसते. ज्या देशात बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज डाळीच भागवतात, तेथे हा हिशेब केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. या विषयावरील कमलाबाई व श्रीनिवासय्या यांचा निबंध १९३५ साली इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. १९३६ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली.

केंब्रिज

शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई केंब्रिजला गेल्या व न्यूनहॅम कॉलेजमध्ये दाखल झाल्या. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा त्या काळी जगातील अग्रगण्य मानली जात असे. तेथे जागा शिल्लक नव्हती. डेरेक रिश्टर या संशोधकाने आपल्या कामाची जागा दिवसभर त्यांना वापरू दिली, म्हणून त्यांचा प्रवेश होऊ शकला.

रिश्टर यांच्याबरोबर त्यांनी ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचे शरीरात ऑक्सिडीकरण कसे होते, याचा अभ्यास केला. जर्मनीतून आश्रयासाठी आलेले हेरमान ब्लाश्को, रिश्टर आणि कमला भागवत या तिघांचा अमाइन ऑक्सिडेज या विकरावरील निबंध १९३९ साली प्रसिद्ध झाला. हेच विकर मोनोअमाइन ऑक्सिडेज या नावाने ओळखले जाऊ लागले आणि १९५० नंतर त्याला रोखणारी औषधे नैराश्याच्या उपचारात वापरात आली. कमलाबाईंच्या चरित्रांतून या कामाचा उल्लेख बहुधा गळलेला असतो.

पुढे त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या. सायटोक्रोम ही लोहयुक्त प्रथिने असतात. पेशी अन्नापासून ऊर्जा मिळविते, तेव्हा इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचविण्याचे काम ती करतात. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली त्यांचे महत्त्व दाखवून दिले होते. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असल्याचे कमलाबाईंना आढळले. प्राणी आणि वनस्पती यांच्या श्वसनाची यंत्रणा मुळात एकच आहे, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी देण्यास केंब्रिजने सुरुवात केली ती १९४८ साली, हे येथे लक्षात घ्यावे. मुलींच्या बाबतीत बंगळूर एकटेच मागे नव्हते.

भारतात परत

१९३९ साली मायदेशी परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून आणि नंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी काम केले. १९४७ साली विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील नव्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या.

येथे कडधान्यांचा विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला. स्वादुपिंडातून स्रवणारे ट्रिप्सिन हे विकर अन्नातील प्रथिनांचे पचन करते. काही कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडविणारी प्रथिने असतात. वाल व डबल बी यांतील अशी ट्रिप्सिनरोधके स्फटिकरूपात वेगळी केल्याचे कमलाबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर केले. ही रोधके उष्णतेने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, मग शिजवून बिरडे करणाऱ्या गृहिणीला ट्रिप्सिन ठाऊक नसते. पण कच्चे वाल खाऊ नयेत, हे तिला पक्के ठाऊक असते.

नीरेवरील संशोधन याच काळातले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबई राज्यात ताडी काढणाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला होता. तोच रस आंबण्यापूर्वी काढला, तर ती नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरा व ताडगूळ यांचे पृथक्करण केले आणि त्यांत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे दाखविले. आहारात नीरेचा समावेश केल्यास कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या प्रकृतीत सुधारणा होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नीरा मात्र उन्हात काही तासांतच आंबते. ही अडचण प्रयोगशाळेबाहेरची होती आणि गावोगावच्या नीरा केंद्रांना ती शेवटपर्यंत पुरी सोडविता आली नाही.

आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे उशिराने आले. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या.

ग्राहक चळवळ

१९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. कमलाबाई त्यांपैकी एक होत. १९८२–८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. ‘कीमत’ या संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले.

निधन

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्ली येथे त्यांचा सत्कार आयोजित केला. या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.