फरीदपूरचं नमस्कार करणारं झाड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा निरोप आला आणि मला आपल्या गेटजवळचा वड आठवला. दोन वर्षांपूर्वी पार्किंगसाठी तो काढण्याचा ठराव आला होता, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. वटपौर्णिमेला त्याला सूत गुंडाळणाऱ्या काकूंना मी भर सभेत अंधश्रद्धाळू म्हणालो. ठराव थोडक्यात पडला. त्यानंतर नातीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी जगदीशचंद्र बसूंचं चरित्र वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली.

बसूंचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, बंगालमधला. वडील सरकारी अधिकारी, पण मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेत घातलं. तिथे शेतकऱ्यांची, कोळ्यांची मुलं त्याच्या शेजारी बसत. पुढे केंब्रिजला शिकून ते 1885 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा पगार कमी म्हणून त्यांनी तीन वर्षं पगार घेतलाच नाही, शिकवणं मात्र थांबवलं नाही. शेवटी सरकारला मागची पूर्ण रक्कम द्यावी लागली.

बिनतारी लहरींवर मोठं काम केल्यावर ते वनस्पतींकडे वळले. झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवलं. लाजाळूच नव्हे, तर इतर झाडंही उष्णतेला, इजेला, औषधाला प्रतिसाद देतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांचे सगळेच निष्कर्ष शास्त्रज्ञांनी मानले नाहीत. पण झाडांत विजेचे संकेत वाहतात, हे आज सर्वमान्य आहे.

मला सर्वांत भावली ती फरीदपूरची गोष्ट. तिथलं एक कललेलं खजुरीचं झाड संध्याकाळी, देवळात घंटा वाजायच्या सुमारास खाली वाके आणि सकाळी पुन्हा वर उठे. लोक त्याला नैवेद्य दाखवत. यंत्र लावलं तर झाडाचं देवपण जाईल, अशी मालकाला भीती. यंत्र इथेच बनलंय आणि लावणारा मदतनीस पुजाऱ्याचा मुलगा आहे, असं सांगून त्याची समजूत घातली गेली. नोंदींतून कळलं, की दिवसाच्या उष्णतेने झाड खाली येतं आणि रात्रीच्या गारव्याने वर जातं. म्हणजे कारण तापमानाचं होतं, पण झाड हलतंय हे आधी पाहिलं होतं ते हात जोडणाऱ्यांनीच!

1917 मध्ये आपल्या वाढदिवशी त्यांनी कलकत्त्यात संशोधन संस्था उघडली आणि तिला मंदिर म्हटलं. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीहला ते गेले.

आपल्या वडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडलंय. मुळांना ना पाणी, ना हवा. येत्या सर्वसाधारण सभेत ते फोडून भोवती माती मोकळी करण्याचा ठराव मी मांडणार आहे. काकू, त्या दिवशीच्या शब्दाबद्दल माफ करा. या ठरावाला अनुमोदन मात्र तुमचंच हवं.