स्पर्धा जिंकली तरी क्लबमध्ये घेतलं नाही, पापवाला भर पावसात बाहेर उभं करून ट्रॉफी दिली

साल होतं 1963. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन ही गोल्फची स्पर्धा नुकतीच संपली होती. (नाताळ हे तेव्हाच्या तिथल्या प्रांताचं नाव.) बाहेर पाऊस पडत होता. गोरे खेळाडू क्लबहाऊसमध्ये कोरडे बसले होते आणि ज्यानं स्पर्धा जिंकली तो बाहेर भिजत होता. कारण तो भारतीय वंशाचा होता आणि कायद्यानं त्याला आत यायला मनाई होती. आत चहापाणी करणारे वेटर मात्र भारतीय चालायचे.

शेवटी ट्रॉफी त्याला बाहेरच दिली, पावसात. तो फोटो जगभर छापून आला.

या गड्याचं नाव पापवा. कागदोपत्री सेवसंकर सेवगोलम. म्हणजे आपलं शिवशंकरच, फक्त स्पेलिंगच्या घोळात अडकलेलं. 1860 पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, त्यांच्याच वंशातला हा. जन्म 1920 च्या दशकाच्या शेवटी, डर्बनमध्ये. घरात गरिबी, शाळेचा पत्ता नाही. पोरगा गोऱ्यांच्या बीचवूड क्लबवर कॅडी म्हणून लागला. कॅडी म्हणजे साहेबांच्या गोल्फच्या काठ्यांची बॅग उचलून मागं मागं फिरणारा.

शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळं खेळ स्वतःच शिकला. आणि गंमत म्हणजे चुकीचा शिकला. उजव्या हाताचा गोल्फर डावा हात वर आणि उजवा खाली धरतो. पापवाचं बरोबर उलटं, उजवा वर आणि डावा खाली. एखाद्या बॅट्समननं हात उलटे करून बॅट धरावी, तसं. कुठल्याही कोचनं पहिल्याच दिवशी मोडून काढली असती अशी ही सवय. पण चेंडू जायचा तिथंच जायचा.

तो ज्यांची बॅग उचलायचा त्यांच्यात ग्रॅहम वुल्फ नावाचा एक उद्योजक होता. आज आपल्याकडं ओले नावानं विकलं जाणारं क्रीम याच माणसानं बनवलेलं. त्यानं 1959 मध्ये पापवाला युरोपला नेलं. पापवानं त्याच वर्षी डच ओपन मारली. पुढच्या वर्षी परत मारली. 1964 मध्ये तिसऱ्यांदा. मधे 1963 च्या ब्रिटिश ओपनमध्ये तो तेराव्या नंबरावर बरोबरीत राहिला.

परदेशात हे सगळं करणाऱ्या माणसाला स्वतःच्या गावात गोऱ्यांसोबत खेळायला सरकारची परवानगी लागायची. मिळाली तरी चेंजिंग रूम नाही, जेवणाचं टेबल नाही.

मग आलं 1965. परत नाताळ ओपन, आणि समोर गॅरी प्लेयर. तोवर तीन मेजर स्पर्धा जिंकलेला, दक्षिण आफ्रिकेचा सगळ्यात मोठा गोल्फर. पापवानं त्याला हरवलं.

इथून त्याचा खेळ वर जायला पाहिजे होता. झालं उलटं. वर्णभेदाचा सगळा डोलाराच गोरे श्रेष्ठ या गृहीतकावर उभा होता, आणि एक कॅडी उलट्या हातांनी ते गृहीतक सगळ्यांदेखत पाडत होता. 1966 मध्ये सरकारनं त्याला गोऱ्यांच्या स्पर्धांतून बंद केलं. प्रेक्षक म्हणूनही यायचं नाही. वर पासपोर्टही काढून घेतला, म्हणजे युरोपचा रस्ता पण संपला.

गोल्फरची उतरती कळा म्हटलं की हात थरथरणं, पाठ धरणं, दारू अशी कारणं निघतात. पापवाच्या बाबतीत कारण होतं एक सरकारी हुकूम. तेव्हा तो चाळिशीच्याही आत होता, आणि गोल्फमध्ये हे वय काही म्हातारपणाचं नाही. पण स्पर्धा नाहीत म्हणजे बक्षिसाचे पैसे नाहीत, आणि लिहिता-वाचता येत नसलेल्या माणसाकडं दुसरा धंदा नव्हता. 1978 मध्ये तो गेला, तेव्हा पन्नाशीच्या आसपास होता. हातात पैसा राहिला नव्हता.

त्या पावसातल्या फोटोचं काम मात्र चालू राहिलं होतं. दक्षिण आफ्रिकेवर खेळात बहिष्कार टाका म्हणणाऱ्यांच्या हातात तो आयता पुरावा होता. वर्णभेद गेल्यावर देशानं पापवाला इखामांगा हा मोठा सन्मान दिला, अर्थात मरणोत्तर. डर्बनमध्ये पालिकेचं एक गोल्फ मैदान आहे, त्याला आता त्याचं नाव आहे.